एकच तंबू दोन्हीकडे चालेल का? पाठीवरच्या भटकंतीसाठी आणि कुटुंबासाठी तंबू पारखताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको आणि सहा व नऊ वर्षांची दोन मुलं. वर्षातून तीन-चारदा दोघंच सॅक पाठीला लावून दोन-तीन मुक्कामांची पायपीट करतात, आणि सुट्टीत गाडी काढून चौघं मिळून कॅम्पिंगला जातात. चार माणसांचा एकच चांगला तंबू घेऊन दोन्हीकडे भागेल का? घेताना नेमकं काय बघायचं? आणि ओळखीतल्या एकांकडे आठ वर्षांपूर्वी घेतलेला, दोन-तीनदाच वापरलेला तंबू आहे, तो घ्यावा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही भागणार. का ते पुढे सांगतोच. गेली वीसेक वर्षं मी गट घेऊन डोंगरात जातो आणि उरलेल्या दिवसांत लोकांचे फाटलेले, मोडलेले, गळके तंबू दुरुस्त करतो. त्यामुळे तंबू कुठे दगा देतो हे मी बऱ्याचदा शिवणीला शिवण लावताना बघितलंय. दुकानात तंबू कोरड्या, सपाट फरशीवर नीट ताणून उभा असतो. तसा कुठलाही तंबू छानच दिसतो. मी मात्र प्रत्येक तंबू बघताना एकच रात्र डोळ्यासमोर आणतो: पाऊस आडवा येतोय, सगळे आत आहेत, ओल्या बॅगा आत आहेत, आणि पहाटे तीनला एका मुलाला बाहेर जायचंय. त्या रात्री हा तंबू काय करेल, यावरच पुढचं सगळं आहे.

आधी माणसांचा आकडा. तंबूवर लिहिलेलं '२ माणसांचा', '४ माणसांचा' हे माणसं शेजारी-शेजारी आडवी घातल्यावर किती मावतात एवढंच सांगतं. त्यात सॅक नाही, कूस बदलणं नाही, बूट नाहीत. म्हणून माणसं मोजूच नका, मॅट मोजा. नेहमीची झोपायची मॅट ५१ सेंटिमीटर रुंद असते, रुंद प्रकारातली साधारण ६४. दोघांच्या बऱ्याच हलक्या तंबूंची जमीन (म्हणजे तळाचं कापड) डोक्याकडे १३० सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पायाकडे निमुळती होत ११०वर येते. म्हणजे दोन साध्या मॅट बसल्या, दोन रुंद मॅट पायाकडे एकमेकींवर चढल्या. तुमच्या मॅट मोजा, तंबूच्या जमिनीचा नकाशा बघा (बहुतेक कंपन्या देतात), आणि कागदावर मांडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

लांबीचंही तसंच. जमीन २१५ सेंटिमीटर आहे म्हणून सहा फुटी माणूस आरामात झोपेल असं नाही. भिंती आत झुकलेल्या असतात. फुगलेल्या मॅटवर स्लीपिंग बॅगेत शिरलं की डोकं आणि पाय जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर वर येतात, आणि त्या उंचीवर तंबूची लांबी जमिनीपेक्षा कमी असते. पाय कापडाला टेकले की सकाळी स्लीपिंग बॅगेचं टोक ओलं. मधल्या उंचीचा आकडाही असाच फसवतो. ११० सेंटिमीटर उंची एकाच बिंदूला असेल तर बसायला एकालाच मिळते. त्यापेक्षा १०० सेंटिमीटर उंचीचा पण उभ्या भिंतींचा तंबू दोघांना बसून कपडे बदलू देतो. दुकानात लाज न बाळगता आत जा, दोघंही झोपा, दोघंही एकदम उठून बसा.

वजनाचे दोन आकडे छापलेले असतात. एक कमीत कमी वजन, म्हणजे आतला तंबू, वरचं आवरण (पाऊस अडवणारा बाहेरचा थर) आणि पोल. दुसरं पूर्ण वजन, म्हणजे पिशव्या, खुंट्या, दोऱ्या सगळ्यासकट. तुमच्या पाठीवर पडणारं वजन दुसऱ्याच्या जवळ असतं, कारण खुंट्या घरी ठेवून कोणी जात नाही. दोघांच्या पायी भटकंतीला पूर्ण वजन दोन किलोच्या आत असावं असं मी सांगतो. त्याहून पुष्कळ हलके तंबूही आहेत, पण एक-सव्वा किलोच्या खाली गेलात की कापड पातळ होतं आणि वापरताना हात जपून ठेवावा लागतो. आता चार माणसांचा साधा घुमटी तंबू बघा: चार-पाच किलो. दोघांनी तो चढावर न्यायचा म्हणजे प्रत्येकी किलो-दीड किलो फुकटचं ओझं, वर मुक्कामाच्या अरुंद जागेत तो बसवायची पंचाईत. चौघांचे तीन किलोच्या आसपासचे तंबूही मिळतात. मात्र ते वजन जमिनीचं कापड पातळ करून कमी केलेलं असतं, आणि मुलं त्या जमिनीवर खेळण्याच्या गाड्या फिरवणार, गुडघ्यांवर रांगणार. म्हणून एका तंबूत दोन्ही बसत नाही.

आता पाऊस. लोक सगळ्यात जास्त पैसे इथे चुकीच्या आकड्यावर घालवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कापडाच्या जलरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो: १५००, ३०००, ५०००. अर्थ साधा आहे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करतात आणि पाणी झिरपू लागेपर्यंत त्याची उंची वाढवत नेतात. १५०० मिलिमीटर म्हणजे दीड मीटर उंचीचं पाणी, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला १५० ग्रॅम दाब. वरच्या आवरणावर पावसाचा दाब त्या मानाने कमी असतो, आणि पाणी उतारावरून वाहून जातं. त्यामुळे आवरणाला १५०० ते २००० पुरतं. आवरणाला ५००० आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

जमिनीचं गणित वेगळं. माणूस मॅटवर आडवा झोपतो तेव्हा वजन मोठ्या क्षेत्रावर पसरतं, दाब अगदी थोडा असतो. पण तोच माणूस गुडघ्यावर रांगत दाराकडे जातो तेव्हा समजा २० किलो भार ४० चौरस सेंटिमीटरच्या गुडघ्यावर आला, तर दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ५०० ग्रॅम. म्हणजे ५००० मिलिमीटर. ३००० मिलिमीटरची जमीन खाली पाणी साचलं असेल तर तिथे हरते.

एकदा मुलांच्या गटात हे मी अगदी जवळून बघितलं. रात्रभर पाऊस होता, तंबू किंचित खोलगट जागी लागला होता. सकाळी एक मुलगा म्हणाला, तंबू गळतोय. आत गेलो. छत कोरडं, शिवणी कोरड्या. दोन मॅटमधल्या फटीत जमिनीवर एक तळहाताएवढा ओला डाग, आणि मुलाच्या बाहीला कोपरावर तेवढाच ओला गोल. तो रात्रभर कुशीवर, कोपर फटीत टेकवून झोपला होता. त्या डागाशेजारी मी हाताचा पंजा सपाट ठेवला, काही नाही. बोटाचं पेर जोरात दाबून धरलं, आणि थोड्या वेळात पेराखाली पाणी आलं. तेव्हापासून मी जमिनीसाठी किमान ३०००, जमलं तर ५०००चा आकडा बघतो, मॅटमध्ये फट राहू देत नाही, आणि तंबू लावण्याआधी जागेवर पाणी कुठून कुठे वाहील हे पाच मिनिटं उभं राहून बघतो. जागा चुकली तर कुठलाच आकडा वाचवत नाही.

तंबूखाली वेगळं जाड प्लास्टिक किंवा कापड घालणार असाल तर ते तंबूच्या जमिनीपेक्षा चारही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर आत राहिलं पाहिजे. कडा बाहेर डोकावली की आवरणावरून ओघळणारं पाणी तिच्यावर पडतं आणि थेट तुमच्या पाठीखाली जमतं. 'तंबू गळतो' म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक तंबूंत दोष या एका कडेचा होता.

खरी गळती बहुतेक वेळा शिवणीतून होते. सुई जिथे गेली तिथे भोक पडलं. म्हणून आवरण आतून उलटं करून प्रत्येक शिवणीवर पारदर्शक टेप चिकटवलेली आहे का बघा. तीन शिवणी एकत्र येतात ते कोपरे, खिडकीच्या कडा, दोरी बांधायचे फास शिवलेत त्या जागा नखाने हलकेच खरवडून बघा. टेपची कड उचलली जाता कामा नये. मग तंबूच्या जमिनीची शिवण बघा. चांगल्या तंबूत जमिनीचं जाड कापड टबासारखं दहा-पंधरा सेंटिमीटर वर चढलेलं असतं आणि मग जाळीला किंवा पातळ कापडाला जोडलेलं असतं. जमिनीलगत शिवण असेल तर तो तंबू नकोच. एक अपवाद लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनवर टेप चिकटत नाही. अशा तंबूच्या शिवणींना सिलिकॉनचाच लेप स्वतः लावावा लागतो, आणि काही कंपन्या तो न लावता देतात. पॉलियुरेथेनचा (पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकसारख्या थराचा) लेप असलेल्या कापडाला त्याचाच लेप लागतो. एकावर दुसरा टिकत नाही.

कापडाच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात, आणि तिथे '२०डी', '७५डी' असं लिहिलेलं दिसेल. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. पाठीवरच्या तंबूला १५ ते ३० डेनियर, गाडीतून न्यायच्या कुटुंबाच्या तंबूला ६८, ७५ किंवा जमिनीला १५० असं सर्वसाधारण असतं. पण आकड्याइतकंच महत्त्व धागा कसला आहे याला. नायलॉन वजनाच्या मानाने मजबूत, पण पाणी शोषतं आणि ओलं झालं की सैल पडतं. संध्याकाळी ताठ ताणलेलं आवरण रात्री अकराला पोट सोडतं, आतल्या तंबूला टेकतं आणि तिथून ओल आत येते. नायलॉनचा तंबू असेल तर झोपण्यापूर्वी बाहेर जाऊन सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणायच्या, हा नेमच करा. पॉलिस्टर फारसं सैलावत नाही आणि उन्हात जास्त टिकतं. कुटुंबाचा तंबू चार-चार दिवस उन्हात उभा राहतो, त्यामुळे त्याला मी पॉलिस्टरच सुचवतो.

यानंतर सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गोष्ट: आतून येणारं पाणी. माणूस रात्रीत श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. चौघं असाल तर सकाळपर्यंत लिटरभर. बाहेर गारठा असला की ते पाणी आवरणाच्या आतल्या बाजूला दवासारखं बसतं. १०,००० मिलिमीटरचं कापड आणलं तरी हे थांबत नाही. हवा खेळती ठेवणं एवढाच उपाय. म्हणून तंबू बघताना दोन ठिकाणी वाट शोधा: एक खाली, जमिनीलगत हवा आत यायला, एक वर, ओलसर गरम हवा बाहेर पडायला. वरच्या झरोक्याला काठीचा आधार आणि छोटं छप्पर असलं पाहिजे, म्हणजे पावसातही तो उघडा ठेवता येतो. पाऊस पडतोय म्हणून सगळ्या चेन घट्ट लावून झोपणारे लोक सकाळी गळतीची तक्रार करतात. दोन थरांचा तंबू, म्हणजे आत जाळी किंवा पातळ कापड आणि वर वेगळं आवरण, या दवापासून तुम्हाला लांब ठेवतो, कारण थेंब बाहेरच्या थरावर जमतात आणि त्याच थरावरून खाली ओघळतात. एकेरी थराचे तंबू हलके असतात, पण त्यांत कड बदलताना खांदा ओल्या भिंतीला घासतो. मुलांबरोबर एकेरी थर नको.

आतला तंबू पूर्ण जाळीचा की कापडाचा, हे तुम्ही कुठल्या हवेत जाता त्यावर ठरवा. उकाड्यात जाळी म्हणजे सुख. थंड, वाऱ्याच्या जागी जाळीतून वारा थेट तोंडावर येतो, तिथे खालचा अर्धा भाग कापडाचा असलेला बरा.

वाऱ्याबद्दल एकच भौतिकशास्त्र लक्षात ठेवा: वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरला मजेत उभा असलेला तंबू ६०ला त्याच दोऱ्यांवर चौपट भार घेतो. कुटुंबाचे उभ्या भिंतींचे, खोलीसारखे तंबू इथे सगळ्यात आधी पडतात. दोन पोल एकमेकांना छेदणारा घुमट मध्यम वारा बऱ्यापैकी सोसतो, पोल तीन-चार ठिकाणी छेदत असतील तर आणखी. बोगद्याच्या आकाराचा तंबू वजनाच्या मानाने ऐसपैस, पण तो खुंट्यांशिवाय उभाच राहत नाही. त्याचं अरुंद तोंड वाऱ्याकडे केलं तर उत्तम टिकतो, बाजू वाऱ्याकडे गेली तर रात्रभर फडफडतो. तंबू उभा असताना खांद्याच्या उंचीला पंजाने आत दाबा. थोडा दबून लगेच परत आला पाहिजे. सगळा सांगाडा एका बाजूला कलंडत असेल तर दोऱ्यांचे फास कुठे आहेत ते बघा. पोलच्या जवळ, निम्म्या उंचीला ते असावेत.

पोल ॲल्युमिनियमचेच घ्या. ७००१ किंवा ७०७५ हे मिश्रधातू चांगल्या तंबूंत असतात. ॲल्युमिनियम आधी वाकतं, तुम्हाला सावध करतं. फायबरग्लास मात्र उभा चिरतो, त्याची कुसळं सुटतात, ती आवरणात घुसतात आणि बोटांतही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या स्वस्त तंबूंत फायबरग्लासचा पोल बहुतेक वेळा जोडाच्या धातूच्या नळीलगतच चिरलेला असतो. असा पोल हातात घ्याल तेव्हा हातमोजे घाला. कुठलाही पोल असो, सोबत बारा-पंधरा सेंटिमीटरची जाडसर नळी ठेवा. मोडलेल्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की सहल पुरी होते. पोल कापडाच्या बोळातून ओढून काढू नका, ढकला; ओढला की आतली रबरी दोरी ताणून तुकडे सुटतात. घडी करताना मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जा, म्हणजे दोरीवर सारखा ताण येतो.

तंबूसोबत येणाऱ्या खुंट्यांची मला मनापासून चीड आहे. चांगल्या, महागड्या तंबूच्या पिशवीतही मऊ तारेच्या आकड्या निघतात, दगड लागला की वाकतात. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वेगळ्या विकत घ्या. वाळूत त्याही धरत नाहीत. तिथे पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून पुरा. कातळावर दोरी मोठ्या धोंड्याभोवती फिरवा.

तंबू उभा करायचा क्रम खरेदीआधी विचारा. काही तंबूंत आतला भाग आधी उभा करून वर आवरण टाकतात. पावसात त्या चार-पाच मिनिटांत आतली जमीन भिजते. काहींत आवरण आधी उभं राहतं, किंवा दोन्ही जोडलेलेच उभे राहतात. ओल्या प्रदेशात जाणार असाल तर दुसरा प्रकार घ्या, थोडा जड असला तरी.

दारं दोन असावीत, दोघांच्या तंबूलाही. मधल्या रात्री एकाने उठून दुसऱ्याच्या अंगावरून जायचं म्हणजे दोघांची झोप गेली. दारापुढे आवरणाची जी झाकलेली जागा असते तिला व्हेस्टिब्यूल म्हणतात, मी पडवी म्हणतो. ओले बूट, सॅक आणि छत्र्या तिथे राहायला हव्यात आणि त्यांना ओलांडून बाहेर पडता आलं पाहिजे. दाराची चेन एका हाताने, दुसऱ्या हाताने कापड न धरता, टोकापासून टोकापर्यंत ओढून बघा. वळणावर कापड चेनमध्ये अडकत असेल तर अंधारात ते रोज अडकणार. मुलांनाही ओढायला लावा. सहा वर्षांच्या मुलाला दार स्वतः उघडता येणं ही सोयीपेक्षा सुरक्षेची बाब आहे.

आणि आता जे लिहितोय ते कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. तंबूच्या आत स्टोव्ह, शेगडी, कोळसा काहीही पेटवायचं नाही. गारठा कितीही असो. स्वयंपाक झाल्यावर निवत आलेली शेगडी ऊब म्हणून आत घ्यायची, हेसुद्धा नाही. कोळसा विझत आला तरी कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. अशा तंबूंत कुटुंबंच्या कुटुंबं गेली आहेत. ऊब हवी तर जास्त चांगल्या मॅट, टोपी, गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली. तंबूवर अग्निरोधक असल्याची खूण असली तरी ती कापड सावकाश जळावं म्हणून असते, कार्बन मोनॉक्साइडशी तिचा संबंध नाही.

कुटुंबाच्या तंबूचं बाकी थोडक्यात. चौघांना सहा माणसांचा घ्या, कारण पावसाची एक दुपार पूर्ण आत काढावी लागणार आहे. उभं राहता येण्याची उंची मुलांचे कपडे बदलताना पाठ वाचवते, पण जितका उंच तितका वारा, हे विसरू नका. पावसाळी जागी मोठी पडवी वेगळ्या खोलीपेक्षा जास्त कामाची. दोऱ्या चमकणाऱ्या असाव्यात, मुलं त्यांना अडखळतातच. आणि विकत घेण्याआधी एक प्रश्न, जो कोणी विचारत नाही: घरी आल्यावर हा ओला तंबू वाळवणार कुठे? बारा किलोचं ओलं कापड छोट्या घरात पसरणं सोपं नाही, आणि दोन दिवस ओला गुंडाळून ठेवला की त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात, ते पुन्हा जात नाहीत.

तुमच्या घरासाठी मी काय करेन? आधी एक चांगला, दोन दारांचा, दोन किलोच्या आतला तंबू घेईन, दोन मॅट व्यवस्थित मावून थोडी जागा उरेल असा. पैसे तिथे घालवेन, कारण त्या तंबूवर तुम्ही गाडीपासून दूर असताना विसंबता. कुटुंबासाठी पहिल्या एक-दोन सहलींना मोठा तंबू भाड्याने किंवा उसना घेईन. मुलांना कॅम्पिंग किती आवडतं, तुम्हाला खरंच उभं राहायची उंची लागते का, हे त्यातून कळेल. मुलं थोडी मोठी होऊन पायी यायला लागली की त्याच हलक्या तंबूचा जोडीदार घ्या. दोन छोटे तंबू, प्रत्येकात एक मोठं माणूस आणि एक मूल. वजन चार पाठींवर वाटलं जातं, जागाही छोट्या-छोट्या सापडतात.

नवीन तंबू थेट सहलीला नेऊ नका. मोकळ्या जागी एकदा दिवसा लावा, एकदा अंधारात डोक्याच्या दिव्यावर लावा. मग नळीने वीसेक मिनिटं पाणी मारा, वरूनच नव्हे तर बाजूनेही, आणि आत बसून कोरड्या पांढऱ्या कागदी रुमालाने प्रत्येक शिवण पुसत जा. ओलीची जागा रुमालावर लगेच दिसते. दोष निघाला तर बदलून घ्यायची मुदत अजून तुमच्या हातात असते.

राहिला आठ वर्षांचा तंबू. 'दोन-तीनदाच वापरला' हे ऐकून हुरळून जाऊ नका. कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप दमट, गरम जागी नुसता घडी करून ठेवला तरी हळूहळू विघटतो, त्याला वापर लागत नाही. त्यांना तंबू तुमच्यासमोर पिशवीतून काढायला सांगा. पहिल्यांदा वास घ्या. आंबट, ओकारीसारखा वास येत असेल तर लेप गेला. मग आवरणाची आतली बाजू आणि जमिनीची वरची बाजू दोन बोटांत धरून चोळा. बोटं चिकटली, किंवा घडी उलगडताना चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज आला, तर फुकटही घेऊ नका. तो लेप पुन्हा बसवणं मोठ्या तंबूवर परवडत नाही. पांढरे पापुद्रे सुटत असतील तर तेच. आवरणाचा सगळ्यात वरचा, उन्हात राहिलेला भाग दोन अंगठ्यांनी हलका ताणा. उन्हाने खाल्लेलं कापड कागदासारखं फाटतं. सुटलेली टेप मात्र दुरुस्त होते, एक-दोन संध्याकाळी जातात. चेन अडखळत असेल तर बहुतेक वेळा फक्त चेनवर सरकणारा रनर बदलावा लागतो. वास नाही, चिकटपणा नाही, पोल सरळ, आणि नळीच्या पाण्यात वीस मिनिटं कोरडा राहिला, तर घ्या, आणि घरी आणल्यावर त्या घट्ट पिशवीत परत न कोंबता जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा.